आईबाप व्हा, मालक होऊ नका



मंडळीत बाप्तिस्मा होतो तो दिवस मोठ्या आनंदाचा असतो. गीते गाइली जातात, फोटो काढले जातात, नव्या भावाच्या किंवा बहिणीच्या हातात नवे कोरे पवित्र शास्त्र दिले जाते. पण सहा महिन्यांनी त्याच व्यक्तीविषयी विचारले, तर पुष्कळदा उत्तर मिळते, "काही दिवस येत होते, हल्ली दिसत नाहीत." जन्माच्या दिवशी सगळे जमले होते, बाळाला पाजायला मात्र कोणी उरले नाही.

याच्या उलट आणखी एक चित्र दिसते. नवा विश्वासणारा टिकतो, दर रविवारी येतो, पण तो एखाद्या वडीलधाऱ्या भावाची सावली होऊन जातो. तो त्याच्यासारखी प्रार्थना करतो, त्याच्या आवडीनिवडी उचलतो. नोकरी बदलायची असो की मुलीचे लग्न ठरवायचे असो, त्या भावाला विचारल्याशिवाय त्याचे पाऊल पुढे पडत नाही. प्रभूला विचारावे, स्वतः वचन उघडून पाहावे, हे त्याला सुचतच नाही. पहिल्या चित्राचे आपल्याला दुःख होते. दुसऱ्या चित्राला मात्र आपण कधीकधी "चांगले शिष्यत्व" म्हणतो.

म्हणून आज आपण स्वतःला एक प्रश्न विचारू या. जे विश्वासात जुने आहेत त्यांनी नव्यांना वाढवायचे हे तर खरेच. पण वाढवून त्यांना कोणाकडे न्यायचे? आपल्याकडे, की प्रभूकडे?

१. आधी जवळ घ्या

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या ९ व्या अध्यायात शौलाची गोष्ट आहे. दिमिष्काच्या वाटेवर प्रभूने त्याला गाठले. आंधळा झालेला शौल तीन दिवस अन्नपाण्यावाचून एका घरात बसून होता. प्रभूने हनन्याला त्याच्याकडे जायला सांगितले, तेव्हा हनन्या घाबरला, आणि त्याचे घाबरणे साहजिक होते. हाच मनुष्य विश्वासणाऱ्यांना बांधून नेण्यासाठी आला होता. तरीही हनन्या गेला. त्याने शौलावर हात ठेवले आणि पहिलीच हाक मारली ती "भाऊ" म्हणून. शौलाने अजून काही सिद्ध करून दाखवले नव्हते. त्याची परीक्षा झाली नव्हती, त्याची साक्ष कोणी तपासली नव्हती. आधी नाते मिळाले, मग बाकीचे.

पुढे शौल यरुशलेमात आला तेव्हा शिष्यांना त्याची भीती वाटली. हा खरेच शिष्य झाला आहे यावर त्यांचा विश्वास बसेना. तेव्हा बर्णबा पुढे झाला, त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे घेऊन गेला आणि त्याच्या वतीने बोलला. बर्णबाने आपले नाव त्याच्यासाठी पणाला लावले.

तुमच्या मंडळीत नव्याने आलेल्या मनुष्याचा विचार करा. तो बहुधा एकटा आलेला असतो. घरी आई बोलत नाही, भाऊ टोमणे मारतो, बायको रडते. रविवारचे दोन तास तो तुमच्यात असतो. आठवड्याचे बाकीचे सगळे तास त्याला त्या घरात काढायचे असतात. दिवाळी येते, गणपती येतात, सगळा वाडा उजळलेला असतो आणि याला कळत नाही की आपण आता नेमके कोणाचे. अशा संध्याकाळी त्याला प्रवचनापेक्षा तुमच्या घरच्या जेवणाची जास्त गरज असते. त्याला बोलवा. तुमच्या मुलांबरोबर बसवा. तुमचे घर कसे चालते, तुम्ही चिडता तेव्हा काय करता, नंतर क्षमा कशी मागता, हे त्याला पाहू द्या. पुस्तकातून न कळणाऱ्या कितीतरी गोष्टी ताटावर बसून कळतात.

आणि एक काळजी घ्या. त्याला त्याच्या घरापासून तोडू नका. आईबापांचा मान राखण्याची आज्ञा बाप्तिस्म्याच्या पाण्यात वाहून जात नाही. उलट, तो पूर्वीपेक्षा चांगला मुलगा, चांगला नवरा झाला आहे हे घरच्यांना दिसले पाहिजे. तुम्ही त्याच्या आईविषयी कसे बोलता, यावरूनही तो ख्रिस्ताविषयी शिकत असतो.

२. दूध कोणते आणि जड अन्न कोणते

पौल थेस्सलनीकात फार काळ राहू शकला नाही; छळामुळे त्याला रातोरात निघावे लागले. तरी त्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो स्वतःची तुलना आपल्या लेकरांना जपणाऱ्या आईशी करतो, आणि थोडे पुढे जाऊन बापाशीही करतो. करिंथकरांना मात्र तो सांगतो की तुम्ही अजून बाळे होता म्हणून मी तुम्हांला दूध पाजले. त्यात रागावण्यासारखे काही नव्हते. बाळ बाळच असते. त्याला वाईट वाटले ते इतका काळ लोटूनही ते मोठे झाले नाहीत याचे.

तर दूध म्हणजे काय? प्रभू येशू कोण आहे, त्याने काय केले, तो आज आपल्याशी कसा वागतो, हे. मार्काच्या शुभवर्तमानात १६ अध्याय आहेत. नव्या विश्वासणाऱ्याबरोबर रोज एक अध्याय वाचला तर १६ दिवसांत तो येशूबरोबर गालीलापासून रिकाम्या कबरेपर्यंत चालून येतो. वाचून झाल्यावर त्याला फक्त एवढे विचारा, "आज येशू तुला कसा दिसला?" आणि मग तुम्ही थोडा वेळ गप्प बसा. त्याला बोलू द्या.

दूध म्हणजे स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करायला शिकणे. तो अडखळेल. तो कदाचित लहानपणापासून देवाला जसे बोलत आला तसेच बोलेल. त्याला सुधारायची घाई करू नका. बाळाचे बोबडे बोल ऐकून कोणती आई व्याकरण काढते?

आपण पुष्कळदा पहिल्याच महिन्यात त्याच्यापुढे जड अन्न वाढतो. प्रकटीकरणातील श्वापदाचा अर्थ, अमुक पंथ कुठे चुकतो, तमुक पाळकाचे काय झाले, दशमांश किती आणि कधी द्यायचा. त्याला पचत नाही, आणि पचत नाही म्हणून आपण त्याला कच्चा म्हणतो. आणखी एक गोष्ट फार हानी करते. त्याची साक्ष जरा वेगळी असली की आपण त्याला लगेच व्यासपीठावर उभे करतो, गावोगाव फिरवतो. नव्या विश्वासणाऱ्याला अध्यक्षाचे काम देऊ नये, नाहीतर तो गर्वाने फुगेल, असा इशारा पौलाने तीमथ्याला दिला होता. रोप लावल्यावर ते रोज उपटून लोकांना मुळे दाखवली तर ते जगणार कसे?

३. चूक सुधारायची, पण घरात नेऊन

अपुल्लो मोठा वक्ता होता, शास्त्रात पारंगत होता, आवेशाने बोलत होता. पण त्याला फक्त योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. इफिस येथील सभास्थानात प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या पतिपत्नीने त्याचे बोलणे ऐकले. त्यांना उणीव कळली. ते भर सभेत उठून बोलू शकले असते. त्यांनी तसे केले नाही. त्यांनी त्याला जवळ घेतले आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला (प्रेषितांची कृत्ये १८). अपुल्लोचा आवेशही राहिला आणि अज्ञानही गेले.

आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एखाद्या नव्या भावाने काही चुकीचे लिहिले की काय होते ते आठवून पाहा. पाच मिनिटांत चार जुनी माणसे वचने घेऊन त्याच्यावर तुटून पडतात. प्रत्येक वचन बरोबर असते, आणि तो भाऊ ग्रुप सोडून जातो. प्रिस्किल्लेचा मार्ग वेगळा आहे: फोन करा, चहाला बोलवा, एकांतात सांगा.

४. पंडिता रमाबाई आणि त्यांची "आजीबाई"

आता आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासातील एक खरी गोष्ट पाहू. ती आपल्या प्रश्नाच्या अगदी गाभ्याला हात घालते.

पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. तेव्हा त्या २५ वर्षांच्या होत्या. दुष्काळात आईवडील गेले होते, नवराही गेला होता, कडेवर लहानगी मनोरमा होती. वाँटेज येथील कुमारी मरियेच्या समाजाच्या भगिनींनी त्यांना आश्रय दिला. लंडनमधील फुलहॅम येथे याच भगिनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा करत होत्या. ते काम पाहून रमाबाई हेलावून गेल्या. अशा स्त्रियांवर इतकी दया करायला यांना कोण शिकवते, असे त्यांना वाटले, तेव्हा त्यांच्यापुढे योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची गोष्ट आली. बुद्धीच्या शंकांची उत्तरे त्यांना नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या लिखाणातून मिळाली. गोऱ्हे स्वतः ब्राह्मण घरातून ख्रिस्ताकडे आलेले असल्यामुळे त्यांना रमाबाईंचे प्रश्न आतून कळत होते. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस रमाबाई आणि मनोरमा यांचा बाप्तिस्मा झाला.

रमाबाईंची आत्मिक काळजी वाहणाऱ्या भगिनी जेराल्डीन यांचे या मायलेकींवर खरे प्रेम होते. त्यांना "आजीबाई" असे घरचे नाव मिळाले होते. पण लवकरच ओढाताण सुरू झाली. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही, अंडे घातलेले पदार्थही खाल्ले नाहीत. जेराल्डीनना त्यात जुन्या जातीचा अभिमान दिसला. क्रूसावर लॅटिन शब्द असण्याला रमाबाईंनी हरकत घेतली, कारण आपल्या देशाच्या बहिणींना ते शब्द कळणार नाहीत. त्यापेक्षा संस्कृत असावे असे त्यांचे म्हणणे होते. त्रैक्यासारख्या शिकवणींविषयी त्या प्रश्न विचारत, तो उद्धटपणा ठरला. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असेही चर्चच्या अधिकाऱ्यांचे मत पडले. रमाबाईंनी उत्तरात स्पष्ट केले की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मी मोठ्या कष्टाने सुटले आहे, आता दुसरे जोखड मानेवर घेणार नाही. देवाने दिलेली सदसद्विवेकबुद्धी मी कोणाच्या स्वाधीन करणार नाही.

त्याच काळात चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील याही रमाबाईंना मार्गदर्शन करत होत्या. त्यांनी प्रश्नांना अवज्ञा मानले नाही. त्यांनी लांबलचक पत्रे लिहून प्रश्नांचा विचार केला, रमाबाईंची बुद्धी मान्य केली आणि त्यांना वेळ दिला.

येथे आपण न्यायाने बोलले पाहिजे. जेराल्डीन वाईट नव्हत्या. शिकवण महत्त्वाची असते, आणि आपले लेकरू भरकटेल ही त्यांची भीती खोटी नव्हती. रमाबाईंची पत्रे त्यांनीच जपून ठेवली, संकलित केली, म्हणून १९७७ मध्ये ती पुस्तकरूपाने आपल्या हाती आली. पण ख्रिस्ताचे काय आणि आपल्या इंग्रजी चालीरीतींचे काय, या दोहोंमधली रेघ त्यांना नीट ओढता आली नाही. प्रेमाच्या पोटी पकड घट्ट होत गेली.

पुढे काय झाले? रमाबाई विश्वासातून गेल्या का? नाही. आपल्या साक्षीत त्यांनी लिहिले आहे की बाप्तिस्म्यानंतर बराच काळ त्यांच्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, पण ख्रिस्ताची स्वतःची ओळख अजून व्हायची होती. ती १८९१ च्या सुमारास, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ ८ वर्षांनी झाली. आठ वर्षे! आपण नव्या विश्वासणाऱ्याला किती महिने देतो? त्यानंतर १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो अनाथ मुली आणि विधवा यांना आसरा दिला, केडगावचे मुक्ती सदन उभे राहिले, आणि इब्री व ग्रीक शिकून त्यांनी साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. लॅटिन शब्दांना हरकत घेणारी ती तरुण स्त्रीच हे काम करू शकली. त्या वेळी तिचा हट्ट मोडला असता, तर मुक्तीचे मराठी शास्त्र आपल्याला मिळाले असते का?

५. मग काहीच बोलू नये का?

तुम्ही म्हणाल, "म्हणजे नवा माणूस काहीही करो, आपण गप्प बसायचे?" नाही. मूल विस्तवाकडे जाताना आई गप्प बसत नाही. खोटे बोलणे, व्यभिचार, दारूच्या पायी घर उद्ध्वस्त करणे, लाच घेणे, हुंडा मागणे, जातीवरून माणसाला हलके लेखणे, ही पापे आहेत. ती स्पष्ट सांगा. प्रभू येशूच आपला तारणारा आहे, तो मेला आणि उठला, यात तडजोड नाही.

पण ज्यांच्याविषयी शास्त्राने आज्ञा दिलेली नाही आणि तरी आपण आज्ञेसारख्या लादतो, अशा गोष्टींची यादी पाहा. हिरव्या बांगड्या घालाव्यात की नाही, साडी पांढरीच असावी का, भजन टाळ-मृदंगावर म्हणावे की गिटारवर, मटण खाल्ले तरच खरा ख्रिस्ती का. रोमकरांच्या १४ व्या अध्यायात पौल अशाच प्रश्नाला हात घालतो. तेथे काहीजण फक्त भाजीपाला खाणारे होते. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याचा न्याय करू नये, असे तो शिकवतो. कारण तो दुसऱ्या धन्याचा सेवक आहे. यरुशलेमच्या सभेनेही परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांवर गरजेपलीकडे ओझे न घालण्याचे ठरवले (प्रेषितांची कृत्ये १५).

भाषेचाही विचार करा. आपल्यापैकी पुष्कळजण महाराष्ट्राबाहेर आहेत. बंगळूरु, हैदराबाद, सुरत, इंदूर अशा शहरांत हिंदी किंवा इंग्रजी उपासनेला जातात. तेथे एखादी मराठी बहीण नव्याने आली, तर तिला आधी तिच्या आईच्या भाषेत प्रार्थना करू द्या. मन मोकळे होते ते त्याच भाषेत.

करिंथकरांना पौल सांगतो की आम्ही तुमच्या विश्वासावर सत्ता गाजवणारे नाही, तर तुमच्या आनंदासाठी तुमच्याबरोबर काम करणारे आहोत. पेत्रही वडिलांना बजावतो की कळपावर धनीपणा करू नका, कित्ता व्हा. हे दोघे प्रेषित होते. त्यांनी जो हक्क घेतला नाही, तो आपण कसा घ्यावा?

६. पडला तर

योहान मार्क पहिल्याच सुवार्ताफेरीत पंफुल्याहून घरी परतला. पुढच्या फेरीला त्याला घ्यावे की नाही, यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात इतका वाद झाला की ते वेगळे झाले. पौलाचे म्हणणे कामाच्या दृष्टीने बरोबर असेल, पण बर्णबा मार्काला घेऊन कुप्रला गेला. त्या काळात त्यांच्यात काय बोलणे झाले ते शास्त्र सांगत नाही. फळ मात्र दिसते. आयुष्याच्या शेवटी तुरुंगातून तीमथ्याला लिहिताना पौल मार्काला बरोबर आणायला सांगतो, कारण तो सेवेसाठी उपयोगी आहे. आणि मंडळीची जुनी परंपरा सांगते की आपण नव्या विश्वासणाऱ्याच्या हातात जे पहिले शुभवर्तमान देतो, ते याच मार्काने लिहिले.

तुमचा नवा भाऊ परत दारूकडे वळला, घरच्यांच्या दबावापुढे नमला, महिनाभर फोन उचलला नाही, तर त्याचे नाव खोडू नका. जा. दारावर उभे राहा. चौकशी करायला नको, निवाडा करायला नको. "तुझी आठवण आली" एवढे पुरे.

७. हात सोडण्याची वेळ

हबशी अधिकाऱ्याला फिलिप्पाने रथात बसून शास्त्र समजावले, बाप्तिस्मा दिला, आणि प्रभूच्या आत्म्याने फिलिप्पाला तेथून नेले. तो नवा विश्वासणारा लांबच्या प्रवासात एकटा राहिला. तो घाबरला का? वचन सांगते की तो आनंद करीत आपल्या वाटेने गेला. फिलिप्प नव्हता, पण शास्त्राची गुंडाळी हातात होती आणि प्रभू बरोबर होता.

बर्णबाकडे पुन्हा पाहा. आरंभी लूक "बर्णबा व शौल" असे लिहितो. पुढे हळूहळू "पौल व बर्णबा" असा क्रम येऊ लागतो. ज्याला हाताला धरून आणले त्याचे नाव आपल्या आधी आले, आणि बर्णबाने त्याविषयी कुरकूर केल्याचे कोठेही आढळत नाही. जुन्या विश्वासणाऱ्याची खरी परीक्षा येथे होते. ज्याला तुम्ही प्रार्थना करायला शिकवले तो तुमच्यापेक्षा चांगली प्रार्थना करू लागला, लोक सल्ल्यासाठी तुम्हांला सोडून त्याच्याकडे जाऊ लागले, एखाद्या गोष्टीत तो नम्रपणे "भाऊ, मला वेगळे वाटते" म्हणाला, तर तुमच्या मनाला काय होते? तेथे आनंद होत असेल तर तुम्ही आईबाप आहात. तेथे टोचत असेल, तर ती टोचणी घेऊन प्रभूपुढे गुडघे टेका.

प्रियांनो, या आठवड्यात एक काम करा. तुमच्या मंडळीत किंवा प्रार्थनागटात गेल्या वर्षभरात आलेल्या एका व्यक्तीचे नाव कागदावर लिहा. रोज तिच्यासाठी प्रार्थना करा. आठवड्यातून एकदा तिला भेटा किंवा फोन करा. तिला शिकवण्याआधी तिचे ऐका. आणि प्रत्येक भेटीनंतर स्वतःला विचारा: आज ती माझ्यावर थोडी अधिक अवलंबली, की प्रभूवर?

चला, प्रार्थना करू या.

हे आमच्या स्वर्गीय पित्या, आम्ही बाळे होतो तेव्हा कोणीतरी आम्हांला हाताला धरून चालवले, त्यांच्याबद्दल आम्ही तुझे आभार मानतो. तू आमच्या ओटीत घातलेली लेकरे तुझी आहेत, आमची नाहीत, हे आम्हांला विसरू देऊ नकोस. आम्हांला आईचा धीर दे, बापाचे धैर्य दे, आणि वेळ आली की हात सोडण्याचा आनंदही दे. येशूच्या नावाने मागतो. आमेन.